तोटीच्या आत काय होते: घरच्या बिअरची भांडी स्वच्छ करण्याचा अनुभव

घरी केलेली बिअर बिघडली की संशय आधी कृतीवर जातो, मग यीस्टवर, मग पाण्यावर, आणि भांड्यांवर अगदी शेवटी, कारण भांडी आपण स्वतःच्या हातांनी घासलेली असतात. २०२४च्या हिवाळ्यात आमच्या घरी असेच झाले आणि मूळ कारण सापडून ते दूर होईपर्यंत २०२५चा उन्हाळा उजाडला. त्या काळात काय केले, किती खर्च आला, कुठे नुसते थांबावे लागले आणि कशाने उलगडा झाला, ते क्रमाने लिहून ठेवते. या विषयावर मराठीत लिहिलेले माझ्या वाचनात फारसे आले नाही, आणि जर्मन व इंग्रजीत इतके परस्परविरोधी सल्ले मिळतात की नवख्या माणसाने कंटाळून सरळ दुकानातली बाटली आणावी.

आम्ही श्टुटगार्टला राहतो. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करते: १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली तिथे परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कोणी कोथरूडच्या स्वयंपाकघरात प्रयोग सुरू करू नये. जर्मनीत स्वतःच्या घरी, स्वतःच्या पिण्यापुरती आणि विक्री न करता बिअर करता येते; मात्र सुरुवात करण्यापूर्वी आपल्या भागाच्या मुख्य सीमाशुल्क कार्यालयाला, म्हणजे हाउप्टत्सोलआम्टला, तसे कळवावे लागते, कारण बिअरवरचा कर तेच कार्यालय गोळा करते. १ जानेवारी २०२४पासून करमाफीची मर्यादा वर्षाला २०० लिटरवरून ५०० लिटर झाली आहे. सप्टेंबरमध्ये मी ही सूचना पाठवली. तिच्यात नाव, पत्ता, बिअर कोणत्या जागी करणार, कधीपासून करणार आणि वर्षभरात अंदाजे किती होईल, एवढेच लिहायचे होते. शुल्क काही पडले नाही. परक्या देशात सरकारी कार्यालयाला आपणहून पत्र लिहिताना धाकधूक होतेच. दोन-तीन आठवड्यांनी नोंद घेतल्याचे पत्र आले आणि विषय मिटला. नंतर सहज हिशोब करून पाहिला, तर १२ अंश प्लाटोच्या (प्लाटो हे रसात विरघळलेल्या साखरेचे, म्हणजे घनतेचे माप) साध्या बिअरवर पूर्ण दराने कर धरला तरी ५०० लिटरचे जेमतेम ४७ युरो होतात. तेवढ्यासाठी इतकी कागदपत्रे सांभाळणाऱ्या खात्याचे मला कौतुकच वाटले.

ऑक्टोबरमध्ये जुन्या वस्तूंच्या जाहिरातीतून १२० युरोंना पूर्ण संच मिळाला. त्यात फळे टिकवण्यासाठी इकडे घरोघरी वापरतात तो २७ लिटरचा विजेवर चालणारा उकळा, खाली तोटी असलेली ३० लिटरची प्लास्टिकची बादली, उकळलेला रस थंड करण्यासाठी स्टीलच्या नळीचे वेटोळे, दोन पारदर्शक नळ्या, बाटल्या भरायची दांडी, घनता मोजायचा काचेचा तराफा आणि तारेच्या कडीने बंद होणाऱ्या बाटल्यांचे दोन क्रेट होते. विकणाऱ्या गृहस्थांनी सगळे धुऊन ठेवल्याचे सांगितले होते आणि बाहेरून ते तसे दिसतही होते. बादलीला वास नव्हता, डाग नव्हता. आम्ही घरी आणून पुन्हा भांड्याच्या साबणाने धुतली, वर निर्जंतुक करणारे द्रावण फिरवले आणि समाधानाने कपाटात ठेवली.

नोव्हेंबरात पहिली खेप केली. ज्यांना कृती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: भरडलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, सुमारे ६७ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर भिजवले की त्यातल्या पिष्टाची साखर होते, तो गोड रस, म्हणजे वॉर्ट, गाळून घेऊन हॉप्स या कडवट फुलांबरोबर तासभर उकळायचा, २० अंशांच्या खाली आणायचा आणि बादलीत ओतून यीस्ट घालायचे. उकळीपर्यंत आपण वाटेल तितके निष्काळजी राहिलो तरी चालते, कारण पुढची तासाभराची उकळी बिअर नासवणारे सगळे मारून टाकते. खरी जोखीम आच बंद केल्यावर सुरू होते आणि यीस्टने पूर्ण जोर धरेपर्यंत टिकते. त्या काळात वॉर्ट म्हणजे कोमट, गोड, पौष्टिक द्रव असतो; त्यात अजून अल्कोहोल नसते आणि आम्लताही फार नसते. यीस्ट कामाला लागले की आम्लता वाढते, प्राणवायू संपतो, अल्कोहोल तयार होते, आणि पुष्कळशा जंतूंना ती जागा राहण्याजोगी उरत नाही. पुष्कळशा म्हटले, कारण सगळ्यांना नाही.

दहा-बारा दिवसांनी झाकण उघडले तेव्हा पृष्ठभागावर पातळ, पांढुरका पापुद्रा धरला होता आणि बादलीला धक्का लागला की तो सुरकुतत होता. वास आंबूस होता, चव त्याहून आंबट. इथे नवख्यांसाठी सांगायला हवे की आंबवणीत दिसणारी प्रत्येक विचित्र गोष्ट म्हणजे बिघाड नव्हे. पहिल्या काही दिवसांत वर येणारा तपकिरी, चिकट फेस, तरंगणारे यीस्टचे पुंजके, भिंतीवर वाळलेला कडक थर, काही प्रकारच्या यीस्टला येणारा गंधकाचा वास, हे सारे नेहमीचे आहे. फेस खाली बसल्यानंतर नव्याने धरणारा, कोरडा दिसणारा, सुरकुत्या पडणारा पापुद्रा मात्र बहुतेक वेळा जंगली यीस्टचा किंवा जिवाणूंचा असतो. अशी बिअर विषारी नसते. हॉप्स, आम्लता आणि अल्कोहोल यांच्यामुळे माणसाला आजारी पाडणारे जंतू तिच्यात वाढत नाहीत. पण ती पिण्यासारखीही राहत नाही. आम्ही ती मोरीत ओतली.

डिसेंबरातली दुसरी खेप वरकरणी उत्तम झाली. घनता ३ अंश प्लाटोवर स्थिरावली, चव स्वच्छ होती, जानेवारीच्या सुरुवातीला बाटल्या भरल्या. महिन्याच्या शेवटी पहिली बाटली उघडली आणि अर्धी बिअर छतापर्यंत उडाली. उरलेल्या अर्ध्यात लवंगेसारखा, औषधी वास होता. वायू काढून घनता मोजली तर ती २च्या खाली गेली होती. याचा अर्थ लक्षात यायला हवा: घनता १ अंश प्लाटोने उतरली की लिटरमागे साधारण ४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि नेहमीच्या बिअरमध्ये तो ५ ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे बाटल्यांमधला वायू जवळजवळ दुप्पट झाला होता आणि काचेची बाटली कोणत्या क्षणी फुटेल याचा नेम नव्हता.

तो आठवडा मी फार अस्वस्थ होते. तळघरात दोन क्रेट भरून अशा बाटल्या, आणि तळघर इमारतीतल्या सगळ्यांचे. आम्ही जाड हातमोजे आणि सुताराचा चष्मा घालून क्रेटवर ओले टॉवेल टाकले, रात्रभर थंडीत गच्चीत ठेवून बाटल्या गोठणबिंदूजवळ आणल्या, कारण थंड द्रवात वायू अधिक विरघळून राहतो, आणि मग एकेक बाटली टॉवेलखालीच हळूहळू उघडून रिकामी केली. कोणाच्या घरी असा प्रसंग आला तर ‘जरा बघू या’ म्हणून बाटली हलवू नये आणि खोलीच्या तापमानाला उघडू नये, एवढे कळकळीने सांगते. दोन्ही खेपांत मिळून सामानाचे सत्तर-पंचाहत्तर युरो गेले होते, पण खरे सांगायचे तर हुरूप जास्त गेला होता.

लागवड केलेले यीस्ट ज्या लांब साखळीच्या शर्करा खात नाही, त्या खाणारे जंगली यीस्ट बिअरमध्ये शिरले की असे होते. हे दुखणे जुने आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियान हान्सेन यांनी १८८३मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले, त्याचे निमित्तही तिथल्या बिअरला लागलेली कडवट, वाईट चव हेच होते, आणि तिच्यामागे जंगली यीस्ट निघाले. मोठ्या कारखान्याचे जिथे हे हाल, तिथे आमच्या बादलीची काय कथा, असे म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

फेब्रुवारीत घरगुती बिअर करणाऱ्यांच्या एका मासिक बैठकीला गेलो. तिथे एक निवृत्त गृहस्थ भेटले, त्यांचे सारे आयुष्य दुग्धशाळेत गेलेले. मी तक्रारीचा पाढा वाचला, कोणते द्रावण किती वापरले ते सांगितले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “द्रावणाचं राहू दे. तोटी उघडून पाहिलीस का?” ती उघडते हेच मला ठाऊक नव्हते. त्यावर त्यांनी लगेच तोटी टाकून दे असे सांगितले नाही. आधी जंतू कुठून येतात ते पाहा, नाहीतर पाच गोष्टी एकदम बदलशील आणि कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही, असे म्हणाले. मग त्यांनी जी चाचणी सांगितली ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट ठरली.

चाचणी साधी आहे. यीस्ट न घातलेला वॉर्ट निर्जंतुक बाटलीत घेऊन उबदार जागी ठेवायचा आणि तो किती दिवस निवळ राहतो ते पाहायचे. त्यात जंतू नसतील तर काही घडणार नाही. असतील तर वॉर्ट गढूळ होईल, बुडबुडे येतील, झाकण फुगेल. एकच नमुना न घेता वॉर्टच्या प्रवासातल्या प्रत्येक टप्प्यावर वेगळा नमुना घेतला, तर कोणता आधी बिघडतो त्यावरून चोर सापडतो. निर्जंतुक बाटल्यांसाठी आमच्याकडे पुण्याहून आणलेला प्रेशर कुकर होताच. त्यातला दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो, म्हणजे आतले तापमान १२० अंशांच्या जवळ जाते. जॅमच्या छोट्या बरण्या झाकणे सैल ठेवून, शिटी आल्यावर मंद आचेवर वीस मिनिटे ठेवल्या आणि कुकर निवल्यावर झाकणे घट्ट केली.

त्यासाठी एक छोटी, स्वस्त खेप उकळली, प्यायची नाही हे ठरवूनच. पहिला नमुना उकळ्यातून, उकळीत बुडवून घेतलेल्या स्टीलच्या पळीने. दुसरा थंड झालेल्या वॉर्टचा, वेटोळे बाहेर काढल्यानंतर. तिसरा नळीच्या टोकातून. चौथा बादलीत भरल्यावर तिच्या तोटीतून. चारही बरण्यांवर चिठ्ठ्या लावून त्या हीटरजवळच्या फळीवर ठेवल्या, जिथे २५ अंशांच्या वर तापमान राहते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच चौथी बरणी गढूळ झाली होती आणि काचेला बारीक बुडबुड्यांची माळ लागली होती. तिसरी बरणी त्यानंतर दोनेक दिवसांनी धुरकटली. पहिल्या दोन आठवडाभर निवळ राहिल्या. ढोबळ नियम असा की तीन दिवस काही दिसले नाही तर स्वच्छता पुरेशी आहे, आणि दीड दिवसात गढूळपणा आला तर जंतूंचा मोठा साठा कुठेतरी आहे. एक सूचना अत्यावश्यक: हे नमुने चाखू नयेत. बंद बरणीत, यीस्टशिवाय, कमी आम्लतेच्या वॉर्टमध्ये बिअरमध्ये न वाढणारे धोकादायक जिवाणूही वाढू शकतात. पाहावे, नोंद करावी आणि टाकून द्यावे.

मग तोटी उघडली. ती दोन भागांची निघाली: बाहेरचे कवच आणि आत फिरणारा पोकळ दांडा. गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून आतला दांडा लाकडी लाटण्याच्या टोकाने खालून दाबला तेव्हा तो पच्‌कन बाहेर आला. दांडा आणि कवच यांच्यामधल्या, कागद जेमतेम सरकेल एवढ्या फटीत तपकिरी किटण दाटले होते. बोटाला ते बुळबुळीत लागले आणि वास शिळ्या ताकाचा होता. बादलीच्या भिंतीला टेकणारी रबरी चकती काढली, तर तिच्या मागच्या बाजूला तसाच थर गोल कडे करून बसलेला. आम्ही आतापर्यंत कितीही द्रावण या तोटीतून सोडले असले तरी ते मधल्या नळीतून वाहून गेले होते. फटीपर्यंत ते पोहोचतच नव्हते, आणि पोहोचले असते तरी त्या थराचे फारसे बिघडले नसते, कारण जिवाणू आणि यीस्ट असा थर धरून बसले की वरच्या पेशी मरतात आणि खालच्या सुखरूप राहतात. थर घासून काढला पाहिजे. त्याला औषध लागू पडत नाही.

स्वच्छ करणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत हे मी वाचले होते, पण त्याचा अर्थ त्या चकतीकडे पाहताना कळला. पहिले काम अल्कलीचे, दुसरे आम्लाचे किंवा उष्णतेचे. पहिल्यासाठी आम्ही सोडियम परकार्बोनेट वापरतो. कपड्यांवरचे डाग काढायला ते इथे ड्रोगरीत, म्हणजे साबण-प्रसाधनांच्या दुकानात, सुटे मिळते आणि किलोला पाच-सहा युरो पडतात. सुगंध मिसळलेले घेऊ नये. लिटरमागे ५ ते १० ग्रॅम, पाणी ५० ते ६० अंश, भिजवण्याचा वेळ अर्धा-पाऊण तास. गरम पाण्यात त्यातून हायड्रोजन परॉक्साइड आणि सोडा तयार होतात, वाळलेली प्रथिने आणि हॉप्सचा चिकटा सुटतो. द्रावण काही तासांत निकामी होते, म्हणून ताजे करावे, आणि त्यातून प्राणवायू सुटत असल्यामुळे ते भरलेली बाटली बूच लावून ठेवू नये. ॲल्युमिनियमच्या भांड्यात हे वापरू नये, ते काळे पडते. वापरल्यानंतर भरपूर पाण्याने विसळायचे. कठीण पाण्यामुळे वेटोळ्यावर आणि उकळ्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर याने जात नाही, त्यासाठी सायट्रिक आम्लाचे थंड पाण्यातले द्रावण.

दुसऱ्या कामासाठी फॉस्फरिक आम्लावर आधारलेले, न विसळता वापरायचे द्रावण घेतले. स्टार सॅन या नावाने ते जगभर प्रसिद्ध आहे. प्रमाण लिटरला सुमारे दीड मिलिलिटर आणि पृष्ठभाग दोन मिनिटे ओला राहायला हवा. त्याचा फेस खूप होतो आणि तो बादलीत राहिला तर बिघडत नाही, यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला. नळाच्या कठीण पाण्यात ते गढूळ होते, म्हणून इस्त्रीसाठी मिळणारे क्षारविरहित पाणी वापरतो. त्यात ते टिकते, आणि पीएच ३च्या खाली आहे तोवर फवारणीच्या बाटलीतून पुन्हा वापरता येते. कपडे पांढरे करण्याचे क्लोरीनचे द्रावण स्वस्त असले तरी आम्ही घरात बिअरच्या भांड्यांजवळ येऊ देत नाही: ते आम्लात मिसळले तर विषारी वायू सुटतो, स्टीलला खड्डे पडतात आणि अंशमात्र राहिले तरी बिअरला दवाखान्याची चव येते.

मार्चमध्ये आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली. बाल्कनीत उपड्या घातलेल्या नळ्या आणि चकत्या पाहून ती म्हणाली, “अगं, लोणच्याची बरणी आपण उन्हात वाळवतो, हिंगाची धुरी देतो, तेवढ्यानं वर्षभर टिकतं. तुझं हे काय इतकं अवघड?” प्रश्न रास्त होता. मी तिला म्हटले, “आई, लोणच्याला मीठ, तेल आणि आंबटपणा राखतात. माझ्या रसाला पहिले काही तास कोणीच राखत नाही.” यावर तिने तोटीचे सुटे भाग हातात घेऊन पाहिले आणि दात घासायच्या जुन्या ब्रशपेक्षा बाटलीच्या निपलचा बारीक ब्रश चांगला, असे सुचवले. तो दोन युरोंना मिळाला आणि तेव्हापासून तोच वापरते.

आईमुळे आणखी एक गोष्ट ऐरणीवर आली. ती हीटरशेजारी इडलीचे पीठ आंबवत असे आणि रोज विरजण लावत असे. बिअर आंबट करणारे लॅक्टोबॅसिलस आणि दह्यातले, इडलीच्या पिठातले जिवाणू एकाच गोतावळ्यातले. दह्यातल्या बहुतेकांना हॉप्स सोसत नाहीत हे खरे, पण पिठाच्या हाताने नळी धरायची कशाला? त्याहून मोठा साठा माल्टच्या धुळीत असतो. धान्याच्या टरफलांवर हे जिवाणू मुबलक असतात आणि भरडताना ती धूळ खोलीभर उडते. म्हणून तेव्हापासून माल्ट आदल्या दिवशी तळघरात भरडतो, स्वयंपाकघरात नाही. आमच्या इमारतीत केअरवोखे आहे, म्हणजे जिने आणि तळघर झाडण्याची पाळी दर आठवड्याला एकेका घराकडे जाते. मी भरडल्यावर पाळी नसतानाही तळघर झाडते, त्यामुळे शेजारच्या आजी माझ्यावर फार खूश आहेत. कारण त्यांना कळलेले नाही. बिअर करायच्या दिवशी पीठही नाही आणि विरजणही नाही, हा नियम आईने मान्य केला, थोड्या नाराजीने.

कोणत्या वस्तू ठेवायच्या आणि कोणत्या टाकायच्या हे ठरवायला एप्रिल उजाडला. तोटी पूर्ण साफ झाली होती, तरी चार युरोंच्या वस्तूसाठी जोखीम घेतली नाही. पारदर्शक नळ्यांना आतून पिवळट झाक होती, त्या टाकून सिलिकॉनच्या आणल्या, त्या सरळ उकळता येतात, १४ युरो. बादलीची परीक्षा कापसाने केली: कोरडा बोळा आतल्या भिंतीवरून फिरवला की जिथे तंतू अडकतात तिथे ओरखडा असतो. आमच्या बादलीत तळाजवळ जागोजागी तंतू अडकले. कोणीतरी कधीतरी ती खरखरीत घासणीने घासली होती. प्लास्टिकच्या ओरखड्यात ब्रशही जात नाही, म्हणून नवी बादली घेतली, २२ युरोंना, आणि तिला मऊ फडक्याशिवाय काही लावायचे नाही असे ठरवले. तिच्या आत चमचा किंवा मापटे टाकून ठेवायचे नाही, हेही. उकळ्याला स्वतःची तोटी असते हे अनेकजण विसरतात. तिच्यातून उकळता वॉर्ट दोनदा भांड्यात काढून परत ओतला की आतला भाग तापून निघतो. स्टीलचे वेटोळे शेवटची पंधरा मिनिटे उकळीतच बुडवून ठेवले की वेगळे काही करावे लागत नाही.

बाटल्यांचे काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळता येत नाही. तारेच्या कडीच्या बाटलीतली रबरी चकती काढावीच लागते. तिच्याखाली, पांढऱ्या चिनीमातीच्या बुचाच्या खोबणीत, तोटीत होते तसलेच काळपट कडे सापडते. चकत्या परकार्बोनेटमध्ये भिजवून पाण्यात उकळतो, चिरा गेलेल्या टाकून देतो. बाटल्या आतून ब्रशने घासून, उजेडासमोर धरून पाहतो. रबर काढलेल्या कोरड्या बाटल्या भट्टीत १७० अंशांवर तासभर ठेवल्या की पुरे होते, मात्र भट्टी गार झाल्याशिवाय दार उघडायचे नाही, नाहीतर काच तडकते. ज्या बाटलीच्या तळाचा डाग दोनदा भिजवूनही गेला नाही ती दुकानात परत दिली आणि १५ सेंट अनामत घेतली. पिऊन झालेली बाटली लगेच तीन वेळा खळखळून पालथी ठेवली, तर यातले निम्मे कष्ट वाचतात. पाहुण्यांना ही सवय लावणे मात्र अजून जमलेले नाही.

एप्रिलच्या अखेरीस नव्या तोटीने, नव्या नळीने खेप केली आणि पुन्हा तशाच चार बरण्या भरल्या. या वेळी दिवस जाता जात नव्हते; ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी फळीकडे बघायची. तिसऱ्या दिवशी चारही निवळ, पाचव्या दिवशीही. बादलीत घनता २.९वर आली आणि पुढचा पूर्ण आठवडा हलली नाही, तेव्हाच बाटल्या भरल्या. भरताना एक अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटलीही भरली. ती हाताने दाबली की आतला वायू किती झाला ते उघडल्याशिवाय समजते, आणि दगडासारखी कडक लागली तर काचेच्या बाटल्या वेळेत थंड करता येतात. मेच्या शेवटी पहिली बाटली मोरीवर धरून, टॉवेल गुंडाळून उघडली. ‘फुस्स’ एवढाच आवाज आला. बिअर तशी साधारणच झाली होती, हॉप्स थोडे कमी पडले होते. आईने चमचाभर चाखून कडू आहे म्हटले आणि चहा टाकायला गेली.

दोन बाटल्या मुद्दाम मागे ठेवल्या, स्वयंपाकघरातल्या गरम कोपऱ्यात, क्रेटमध्ये झाकून. ऑगस्टमध्ये त्या उघडल्या, घनता २.८, आंबूसपणा नाही, लवंगेचा वास नाही. तेव्हा कुठे मी हे प्रकरण संपले असे मानले.

नव्या वस्तू, रसायने आणि ब्रश धरून एकूण ६५ युरोंच्या आसपास खर्च झाला, म्हणजे वाया गेलेल्या दोन खेपांपेक्षा कमी. आता प्रत्येक खेपेनंतर तोटी उघडते, भाग परकार्बोनेटमध्ये टाकते, विसळून पूर्ण वाळवते आणि सुटेच डब्यात ठेवते. जोडणी पुढच्या वेळी, द्रावणात बुडवून मगच. बादली झाकण न लावता ठेवते, कारण ओलसर बंद बादलीत कुबट वास धरतो. सेझोंसारख्या बेल्जियन प्रकारांच्या काही यीस्टमध्ये लांब साखळीच्या शर्करा खाण्याची शक्ती जात्याच असते. तसे यीस्ट वापरायचे झाले तर त्याच्यासाठी लाल चिकटपट्टी लावलेली वेगळी नळी आणि वेगळी तोटी ठेवली आहे. सीमाशुल्क कार्यालयाला कळवलेल्या जागेत बदल नाही, त्यामुळे तिकडे नव्याने काही पाठवलेले नाही. ओरखडे पडलेली जुनी बादली टाकली नाही. भोकाला बूच मारून ती तळघरात ठेवली आहे आणि तिच्यात भरडलेले माल्ट भरते.